कुत्र्याचा वाटा फोडणीआधी

नामदेवांच्या पुढ्यातली भाकरी कुत्र्यानं पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा मराठी घरात कुणाला नव्यानं सांगावी लागत नाही. कीर्तनकार ती भूतमात्रात देव पाहण्याची खूण म्हणून सांगतात. पशुवैद्यानं ऐकली तर त्याला तिच्यात आणखी काही दिसेल. भाकरी कुत्र्याला पचते. चमचाभर तूपही बहुतेकांना बाधत नाही. पण त्या ताटात कांद्याचं वाटण घातलेला रस्सा, चिंचगुळाची आमटी आणि बेदाणे पेरलेला शिरा असता, तर नामदेवांना तूप वाढायला नव्हे, ताट हिसकावून घ्यायला धावावं लागलं असतं.

भाकरी का पचते, याचं उत्तर जनुकांत सापडलं आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना केली. पिठूळ पदार्थ फोडणारं अमायलेज नावाचं विकर स्वादुपिंडात बनतं. ते बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती आढळल्या, कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणूस शेती करू लागला, त्याच्या उकिरड्यावर धान्याचं उष्टं पडू लागलं, आणि ते ज्यांना पचलं ती कुत्री टिकली. म्हणजे ज्वारी-बाजरी-तांदूळ यांच्याशी जमवून घ्यायला कुत्र्याला हजारो वर्षं मिळाली. चॉकलेट, चिंच, साखरविरहित च्युइंगममधलं झायलिटॉल यांच्याबाबतीत तशी सवड कधी मिळालीच नाही. आपण मात्र भाकरीवरून अंदाज बांधतो की जे आपल्याला चालतं ते त्यालाही चालत असणार.

कुत्र्यांना काय देऊ नये याच्या याद्या आता प्रत्येक मोबाइलमध्ये असतात. त्यांतल्या बहुतेक अमेरिकी स्वयंपाकघरात तयार झालेल्या. त्यात मॅकाडेमियाचे दाणे हटकून असतात. ते खाल्ल्यावर कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडतात, अंग थरथरतं, ताप येतो, आणि दोन दिवसांत तो बहुधा बराही होतो. खरं आहे, पण आपल्याकडे किती घरांत मॅकाडेमियाची बरणी असते? ॲव्होकॅडोही असतोच. त्यातलं पर्सिन पक्ष्यांना, सशांना आणि शेळ्यांना घातक ठरतं, कुत्र्यांना त्यामानानं कमी. कुत्र्याच्या बाबतीत त्याची बी आतड्यात अडकण्याची भीती जास्त. या याद्यांत चिंच मात्र क्वचितच सापडते, आणि मराठी घरात खरं तर तिचंच नाव वर यायला हवं.

चॉकलेटपासून सुरुवात करू, कारण ते सगळ्यांना माहीत आहे आणि नेमकं कुणालाच माहीत नाही. ‘चॉकलेट म्हणजे विष’ एवढंच डोक्यात असल्यामुळे लॅब्रेडॉरनं अर्धं बिस्कीट खाल्लं तरी घरात रडारड होते, आणि दुसरीकडे स्वयंपाकघरातली कोको पावडर खालच्या फळीवर उघडी राहते. यातला दोषी पदार्थ थिओब्रोमिन, कॅफीनचा सख्खा भाऊ. माणसाच्या शरीरातलं निम्मं थिओब्रोमिन सहा ते दहा तासांत निकालात निघतं. कुत्र्याच्या शरीराला त्यासाठी सुमारे साडेसतरा तास लागतात. त्यातून ते मूत्राशयातून पुन्हा रक्तात शोषलं जातं, म्हणून दवाखान्यात अशा कुत्र्याला वरचेवर लघवीला नेतात किंवा नळी घालतात. परिणाम व्हायचा तो मज्जासंस्थेवर आणि हृदयावर होतो: आधी उलट्या, तहान, अस्वस्थपणा, मग हृदयाचे ठोके वाढणं आणि चुकणं, शेवटी झटके.

इथे वजनाचा हिशेब केल्याशिवाय काही कळत नाही. कुत्र्याच्या किलोमागे २० मिलिग्रॅम थिओब्रोमिन गेलं की पोट बिघडतं, अस्वस्थता येते. ४० ते ५०च्या आसपास हृदयाचा त्रास सुरू होतो, ६०च्या पुढे झटके येऊ शकतात. दुधाच्या चॉकलेटमध्ये एका ग्रॅमला साधारण दोन मिलिग्रॅम थिओब्रोमिन असतं, डार्कमध्ये पाचच्या आसपास, कोको पावडरमध्ये वीस किंवा त्याहून जास्त. पांढऱ्या चॉकलेटमध्ये जवळपास नसतंच. आता पंचवीस किलोच्या लॅब्रेडॉरनं दुधाच्या चॉकलेटचे वीस ग्रॅम खाल्ले, तर किलोमागे दोन मिलिग्रॅमसुद्धा होत नाहीत. त्याला काहीही होणार नाही, झालंच तर तो आणखी मागेल. पण पाच किलोच्या पॉमेरेनियननं शंभर ग्रॅमची डार्क चॉकलेटची वडी फस्त केली, तर किलोमागे शंभर मिलिग्रॅम होतात आणि जिवावर बेततं. त्याच पॉमेरेनियनला पाच ग्रॅम कोको पावडर चाटायला मिळाली तरी त्रासाची पहिली पायरी गाठली जाते. फ्लॅटमध्ये राहणारी कुत्री लहान असतात आणि हल्ली केक घरोघरी होतात, त्यामुळे हा हिशेब आता वाढदिवसाच्या आदल्या रात्री लागतो.

कॅफीनचंही गणित असंच. चहाचा चोथा कुंडीत टाकायची आपली सवय जुनी आणि झाडांना मानवणारी, पण दूध-साखरेच्या वासानं पिल्लू ती कुंडी उकरतं. उकळून गाळलेल्या चोथ्यातही थोडं कॅफीन उरतं, आणि कोरड्या चहा पावडरीचा डबा सांडला तर भरपूर असतं.

द्राक्षांची आणि चिंचेची गोष्ट मात्र एखाद्या रहस्यकथेसारखी उलगडली. अमेरिकेत प्राण्यांच्या विषबाधेबद्दल सल्ला देणारं एक केंद्र आहे. तिथल्या पशुवैद्यांच्या १९९९-२०००च्या सुमारास लक्षात आलं की द्राक्षं किंवा बेदाणे खाल्लेल्या काही कुत्र्यांची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत निकामी होत आहेत. त्याआधी कुणाच्या मनातही ही शंका नव्हती. कुत्र्याला बक्षीस म्हणून द्राक्ष द्यायची पद्धत होती. संशय आधी कीटकनाशकांवर गेला, मग जड धातूंवर, मग बुरशीच्या विषावर. पण फवारणी न झालेल्या द्राक्षांनीही कुत्री आजारी पडत होती. सगळ्यात बुचकळ्यात टाकणारी गोष्ट म्हणजे काही कुत्री वाटीभर द्राक्षं खाऊन ठणठणीत राहत, तर काही मूठभर बेदाण्यांनी दगावत. कोणत्या मात्रेला विष म्हणायचं तेच ठरेना.

वीस वर्षांनी धागा सापडला तो द्राक्षांत नाही, मुलांच्या खेळण्याच्या मळलेल्या पिठात. अमेरिकेत लहान मुलांसाठी घरी जी खेळायची कणीक करतात तिच्यात मीठ आणि क्रीम ऑफ टार्टर घालतात. ते पीठ खाल्लेल्या कुत्र्यात मिठाच्या विषबाधेची लक्षणं अपेक्षित होती, पण दिसली ती द्राक्षाच्या विषबाधेची. क्रीम ऑफ टार्टर म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार, वाइनच्या पिंपात तळाशी आणि कडेला साचणारा. आणि टार्टारिक आम्ल ज्या मोजक्या फळांत भरपूर असतं, त्यांत द्राक्ष एक आणि चिंच दुसरी. चिंच खाऊन मूत्रपिंड निकामी झालेल्या कुत्र्यांच्या नोंदीही त्याच केंद्राकडे होत्या. २०२१ साली तिथल्या पशुवैद्यांनी अमेरिकी पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात पत्र लिहून टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. काही कुत्री का वाचत होती, याचाही खुलासा झाला: द्राक्षातल्या या आम्लाचं प्रमाण वाणानुसार, पिकण्यानुसार आणि हवामानानुसार बरंच बदलतं.

मग प्रयोगशाळेत कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर हे तपासलं गेलं. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाणारी ही पेशीमालिका १९५८ साली एका कॉकर स्पॅनियल मादीच्या मूत्रपिंडातून वाढवलेली आहे. टार्टारिक आम्लानं त्या पेशी मेल्या. माणसाच्या मूत्रपिंडात अशी आम्लं पेशीतून बाहेर काढणारं एक वाहक प्रथिन असतं. ते या पेशींत घातल्यावर त्या तगल्या. म्हणजे तुमच्या-माझ्या मूत्रपिंडातून जे आम्ल बाहेर टाकलं जातं, ते कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या नलिकांत अडकून बसतं आणि नलिका आतून कुरतडतं.

द्राक्षाच्या गरात हे आम्ल फार तर दोनेक टक्के. चिंचेच्या गरात आठ ते अठरा टक्के. नाशिक-सांगलीकडच्या माणसाला द्राक्षबागेतल्या कुत्र्याची काळजी वाटेल, तासगावच्या बेदाण्याच्या शेडजवळ राखणीला असणाऱ्या कुत्र्याची तर जास्तच, कारण सुकवल्यावर आम्लही आटून एकवटतं. आजवरच्या नोंदींत किलोमागे तीनेक ग्रॅम बेदाण्यांनी किंवा वीसेक ग्रॅम द्राक्षांनी कुत्री आजारी पडलेली आहेत, आणि अमुक इतकं खाल्लं तरी चालेल असं कुणी पशुवैद्य म्हणत नाही. पण माझ्या मते आपल्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं ते चिंचेकडे. आमटीत कोळ पातळ झालेला असतो. चार चमचे आमटीभातानं मोठ्या कुत्र्याचं मूत्रपिंड जाईल असं मी म्हणणार नाही. धोका आहे तो कोळ काढून उरलेल्या चोथ्याच्या गोळ्यात, मिठात घोटून ठेवलेल्या चिंचेच्या बरणीत, मुलांच्या चिंचेच्या गोळ्यांत, आणि पानात वाढलेल्या दाट पंचामृतात. गूळ असल्यामुळे कुत्रा ते चाटूनपुसून संपवतो. होळीला भांग चढलेल्याला चिंचेचं पाणी पाजायचा जो उतारा सांगतात, तो कुत्र्यावर करू पाहणाऱ्यानं तर दुहेरी घोळ घातला म्हणायचा.

पितृपक्षात श्वानबली म्हणून कुत्र्याचं पान काढतात. या पानाची एक गंमत आहे. श्राद्धाच्या स्वयंपाकात कांदा-लसूण वर्ज्य, त्यामुळे वर्षभरातलं ते कुत्र्याच्या दृष्टीनं बरंचसं निर्धोक जेवण. फक्त खिरीतले बेदाणे काढावेत.

कांद्याबद्दल सांगताना रविवारचं मटण डोळ्यांसमोर आणावं लागतं. वाटणात दोन मध्यम कांदे गेले, म्हणजे सुमारे दोनशे ग्रॅम. तीन माणसं जेवली, एका माणसाइतका रस्सा उरला, तो भाकरीवर ओतून अंगणातल्या दहा किलोच्या कुत्र्याला घातला. त्याच्या पोटात पन्नास ग्रॅम कांदा गेला, किलोमागे पाच ग्रॅम. एका वेळी शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा गेला की विषबाधा दिसू लागते, असं पशुवैद्यकात धरतात, आणि हे बरोबर तेवढंच आहे. किलोमागे पंधरा ते तीस ग्रॅम गेले की रक्तात गंभीर बदल होतात. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच.

कांद्यातली गंधकयुक्त संयुगं कुत्र्याच्या तांबड्या पेशींमधलं हिमोग्लोबिन गंजवतात. बिघडलेलं हिमोग्लोबिन गोळा होऊन पेशीच्या कडेला चिकटतं; सूक्ष्मदर्शकाखाली ते गाठीसारखं दिसतं. या गाठींना रॉबर्ट हाइन्झ या जर्मन डॉक्टराच्या नावानं हाइन्झ बॉडीज म्हणतात, त्यानं त्या १८९०मध्ये वर्णिल्या. प्लीहा अशा पेशी सदोष म्हणून वेचून मोडते, काही रक्तातच फुटतात. कुत्र्याचं हिमोग्लोबिन अशा माऱ्याला माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा लवकर बळी पडतं, मांजराचं त्याहूनही लवकर. अकिता आणि शिबा या जपानी जाती जास्त नाजूक.

यातला फसवा भाग वेळेचा. रविवारी खाल्लेल्याचं फळ बुधवार-गुरुवारी दिसतं. हिरड्या फिकट पडतात, कुत्रं जिन्याच्या दोन पायऱ्या चढून बसतं, श्वास भरभर चालतो, लघवी काळ्या चहासारखी होते. तोवर मटण कुणाच्या लक्षातही नसतं. डॉक्टरांनी ‘काय खाल्लं?’ विचारलं की घरचे ‘नेहमीचंच’ म्हणून सांगतात, आणि गोचिडतापाच्या तपासण्या सुरू होतात, कारण आपल्याकडे रक्तक्षयाचं आणि गडद लघवीचं ते अधिक नेहमीचं कारण.

शिजवल्यानं कांद्याचा हा गुण जात नाही, वाळवल्यानं तर तो एकवटतो. त्यामुळे कांदा-लसूण मसाला, तळलेल्या कांद्याचा चुरा, पाकिटातलं सूप यांच्याबाबतीत ग्रॅमचा हिशेब आणखी कडक करावा लागतो. लसूण वजनाला वजन लावलं तर कांद्याच्या तीन ते पाच पट जोरकस मानतात. फोडणीतल्या दोन पाकळ्यांनी आकाश कोसळत नाही. पण ‘गोचिडं लागत नाहीत’ म्हणून रोज लसणाची पाकळी भरवणारी मंडळी आहेत. गोचिडांवर त्याचा भरवशाचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि रक्ताचं नुकसान साचत जातं. एक गैरसमज कोल्हापूरकडे खास भेटतो: तिखट नको म्हणून कुत्र्याला अळणी रस्सा देतात. लहान मुलांसाठी ते ठीक. पण अळणीत मिरची नसते, आलं-लसूण-कांदा असतोच, आणि कुत्र्याचं भांडण मिरचीशी नाही.

इथे प्रत्येक घरातली आजी आक्षेप घेते आणि तिचं ऐकून घ्यायला हवं. ‘आमच्या वाड्यातल्या मोत्यानं जन्मभर उरलंसुरलंच खाल्लं, त्याला नाही ते काही झालं!’ मोत्या पंधरा-वीस किलोचा होता, दिवसभर हुंदडायचा, आणि त्याच्या वाट्याला बहुतेक कोरडी भाकरी, ताक, आमटीचं निथळलेलं पाणी यायचं. त्या काळी मटण सणासुदीला, द्राक्षं हंगामात, चॉकलेट कुणाच्या स्वप्नातही नाही. शिवाय मोत्या सातव्या वर्षी ‘म्हातारा होऊन’ गेला तेव्हा त्याचं रक्त कुणी तपासलं नव्हतं. आजीचं निरीक्षण खोटं नाही, ते वेगळ्या ताटाबद्दलचं आहे.

त्या ताटातली एक सवय मात्र तेव्हाही घातक होती: बुरशी आलेली भाकरी, वास मारणारे शेंगदाणे, भिजून काळे पडलेले मक्याचे दाणे, जे माणसाला नको ते कुत्र्याच्या पुढ्यात टाकायचं. १९७४च्या उत्तरार्धात राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांत आदिवासी गावांतून काविळीची साथ पसरली. डोळे पिवळे पडायचे आणि पाठोपाठ पोटात पाणी व्हायचं. ३९७ माणसं आजारी पडली, १०६ दगावली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये जे लिहिलं त्यात एक नोंद विषाणूच्या संशयाला छेद देणारी होती: त्या घरांतलं उष्टं खाणारी कुत्रीही त्याच आजारानं मरत होती. तेच काविळीचे डोळे आणि पाण्यानं फुगलेलं पोट. माणसाला आणि कुत्र्याला जोडणारी गोष्ट होती घरातला मका. काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला होता, कणसं नीट न वाळवता साठवली गेली आणि त्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी धरली. तिचं अफ्लाटॉक्सिन त्या मक्यात आज भारतात धान्याला घालून दिलेल्या मर्यादेच्या कित्येकशे पट निघालं.

अफ्लाटॉक्सिन यकृत पोखरतं आणि तव्यावर भाकरी भाजल्यानं पुरतं नाहीसं होत नाही. कुत्रा त्याला माणसापेक्षा हळवा. २००५ साली अमेरिकेत तर पाकिटबंद खाद्यातच दूषित मका आला आणि शंभरावर कुत्री मेली, म्हणजे हा काही फक्त गरिबाघरच्या उकिरड्याचा प्रश्न नाही. शिळ्या पावावर, खराब अक्रोडांवर वाढणाऱ्या काही दुसऱ्या बुरशी मज्जासंस्थेवर जातात. तासा-दोन तासांत अंगाला कंप सुटतो, मग झटके. शिळी भाकरी कुत्र्याला घालायला हरकत नाही. बुरशी आलेली गाईलाही नको आणि कुत्र्यालाही नको.

झायलिटॉल आपल्याकडे नवं आहे, पण पसरतं आहे. ही गोड चवीची साखरेची सावत्र बहीण साखरविरहित च्युइंगम, माउथवॉश, टूथपेस्ट, काही औषधी सिरप आणि काही पीनट बटरमध्ये असते. माणसाला ती बाधत नाही, दातांना उलट बरी. कुत्र्याचं स्वादुपिंड मात्र फसतं. साखर आली असं समजून ते इन्सुलिन सोडत सुटतं आणि रक्तात होती तीही साखर संपते. अर्ध्या-एक तासात कुत्रं झोकांड्या खाऊ लागतं, कोसळतं. किलोमागे ०.१ ग्रॅम एवढंच त्याला पुरतं, ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृतालाही इजा होऊ शकते. दहा किलोच्या कुत्र्याला एक ग्रॅम, म्हणजे काही च्युइंगमच्या एक-दोन गोळ्या. पर्समध्ये तोंड घालणारं पिल्लू एवढं सहज गाठतं. पण ‘शुगर-फ्री’ एवढं वाचून घाबरायचं कारण नाही. मधुमेहींच्या चहातल्या गोळ्यांत बहुधा सुक्रॅलोज, अ‍ॅस्पार्टेम किंवा स्टीव्हिया असतं आणि त्यांचा कुत्र्यावर असा परिणाम होत नाही. पाकिटावर झायलिटॉल हे नाव किंवा ९६७ हा क्रमांक आहे का, तेवढं पाहायचं.

बाकीच्या गोष्टी विष नाहीत, पण दवाखान्यात जास्त वेळा त्याच नेतात. दिवाळीच्या आठवड्यात चकली-शेवेचा चुरा, चिवड्याचं तेल, तुपकट बेसनाचे लाडू सगळ्यांनी मिळून भरवले की स्वादुपिंडाला सूज येते. उलट्या थांबत नाहीत आणि पाठ कमानीसारखी होते. शिजवलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या कपच्या आतड्यात रुततात. आंब्याची कोय आणि दाणे खाल्लेलं मक्याचं कणीस आतड्यात अडकतं आणि ऑपरेशनवाचून निघत नाही. फुगायला ठेवलेलं पावाचं किंवा पिझ्झाचं कच्चं पीठ पोटाच्या उबेत आणखी फुगतं आणि वर अल्कोहोल तयार करतं. पुरणपोळीतल्या चिमूटभर जायफळानं काही होत नाही, अख्खं जायफळ चघळलं तर होतं. दुधानं काही कुत्र्यांना जुलाब होतात, एवढंच. तापासाठी म्हणून माणसाची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनची गोळी देणं हा खाण्याचा विषय नाही, पण ती देऊ नये हे इथे सांगून टाकतो.

खाल्लंच तर पहिला तास-दोन तास मोलाचे. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवायचा प्रयत्न करू नये. मिठानं रक्तातलं सोडियम इतकं चढतं की त्यानंच मेंदूला सूज येऊन कुत्रं जाऊ शकतं. दूध, तूप, ताक पाजूनही विष उतरत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड बाटलीतून मापाशिवाय पाजलं तर अन्ननलिका भाजते. डॉक्टर इंजेक्शन देऊन उलटी करवतात, आणि कुत्रं गुंगीत किंवा झटक्यात असेल तर तेही करत नाहीत. फोन करताना चार गोष्टी सांगाव्यात: काय खाल्लं, किती, केव्हा, आणि कुत्र्याचं वजन. रॅपर बरोबर न्यावं, त्यावरून अर्धं निदान होतं. मुंबईत परळचं १८८३ सालापासूनचं ‘बैलघोडा’ रुग्णालय आहे, मोठ्या शहरांत आता खाजगी दवाखाने आहेत. गावात तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींचीच वर्दळ असते, तिथे तर वजन आणि मात्रा तुम्हीच नीट सांगितलेली बरी. यांतल्या बहुतेक विषांवर थेट उतारा नाही. द्राक्ष-चिंचेसाठी दोन-तीन दिवस सलाइन, झायलिटॉलसाठी शिरेतून ग्लुकोज, कांद्यानं रक्त फारच उतरलं तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त. सक्रिय कोळशाची भुकटी थिओब्रोमिनला पकडते, झायलिटॉलला जवळपास नाही.

एवढं सगळं वाचून कुणी घरचं अन्नच बंद करू नये. साधा भात, भाकरी, उकडलेलं अंडं, लाल भोपळा, गाजर, रताळं, दह्याचा चमचा हे सगळं चालतं. फक्त कुत्र्याचा वाटा फोडणीआधी काढायचा. मटण शिजवायला टाकताना चार बिनहाडाचे तुकडे छोट्या डब्यात नुसत्या हळदीच्या पाण्यात घालून त्याच कुकरमध्ये वरच्या बाजूला ठेवावेत. भाकरी कुस्करायला पाणीही त्यातलंच पुरतं, आणि उरलेला रस्सा माणसांनी दुसऱ्या दिवशी खावा, तो मुरल्यावर चांगलाच लागतो.